पणजोबांचे आई-वडील आणि भावंडं कशी शोधायची? कोल्हापूर भागातल्या नोंदींची वाट

प्रश्न असा आहे: पणजोबांचा जन्म साधारण १९०५ चा, मूळ गाव भुदरगड तालुक्यातलं. १९३० च्या आसपास ते कोल्हापूरला मंगळवार पेठेत आले आणि शाहू मिलमध्ये कामाला लागले, असं घरात सांगतात. नावापुढे वडिलांचं नाव लागतं म्हणून ते तेवढं माहीत. आईचं नाव कुणाला आठवत नाही, भाऊ-बहिणी किती ते ठाऊक नाही, गावात आज जमीन नाही आणि त्याच आडनावाची तीस-चाळीस घरं आहेत. सुरुवात कुठून करायची?

जमिनीपासून करा, आज जमीन नसली तरी. गावच्या दप्तरात माणूस नावाने सापडत नाही. तो गाव, नंबर आणि साल यांनी सापडतो. अभिलेख कक्षात जाऊन ‘आमच्या पणजोबांची नोंद द्या’ म्हटलं की कारकून हात वर करतो, आणि त्यात त्याची चूक नसते. त्या वह्यांना नावांची अनुक्रमणिकाच नसते. ‘अमुक गाव, अमुक रि. स. नंबर (रिव्हिजन सर्व्हे नंबर), अमुक फेरफार (जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद)’ असं म्हटलं की तोच कारकून गठ्ठा काढून देतो.

दुसरं, वडिलांच्या मागे लागण्याआधी भावांच्या मागे लागा. वडिलांचं नाव कळलं म्हणजे वडील सापडले असं होत नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असल्यामुळे ‘दत्तू रामा’ नावाचे चार पुरुष एकाच गावात एकाच वेळी नांदत असतात. पण दत्तू, केरबा आणि मारुती अशी तीन भावांची नावं एका कागदावर आली, तर बापाचं नावही तेच असलेलं तसं दुसरं घर गावात बहुधा निघत नाही. पुढचा प्रत्येक कागद या जुळणीशी ताडून पाहायचा.

घरातलं आधी उरका

कार्यालयाच्या वाऱ्या सुरू करण्याआधी घरातल्या पितळी-तांब्याच्या भांड्यांवरची नावं वाचून काढा. लग्नात, बारशाला आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव, गाव आणि बहुधा तारीख कोरलेली असते. मामाकडून आलेला हंडा म्हणजे माहेरचं आडनाव आणि गाव दोन्ही मिळाले. जुन्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांच्या खाली काका-मामांची नावं असतात. जन्मपत्रिका निघाली तर ती सोन्यासारखी जपा, कारण तीत आईचंही नाव असू शकतं.

म्हाताऱ्या माणसांना नावं विचारू नका, रिवाज विचारा. नावं विसरली जातात, रिवाज विसरत नाहीत. गावातली कोणती घरं आपलं दहा दिवसांचं सुतक धरतात? ती भावकी. कुळदैवताचा मान कोणत्या घरांनी वाटून घेतलाय? म्हाळ (पितृपक्षातलं महालय श्राद्ध) कोणत्या तिथीला घालता? म्हाळाची तिथी ही मृत्यूची तिथी असते (महिना त्यातून कळत नाही). एखाद्या बाईचा म्हाळ अविधवा नवमीला होत असेल तर ती नवऱ्याआधी गेली, म्हणजे नवऱ्याच्या वारस नोंदीत तिचं नाव शोधण्यात अर्थ नाही. घरात भटजींकडून महालय होत असेल तर त्यांच्याकडची किंवा घरातली नावांची यादी मागा. त्यात बाप-आजा-पणजा तर असतातच, पण आई, आजी, आईचे वडील, निवर्तलेले काका, आत्या, बहीण अशीही नावं येतात. सरकारी कागद ज्यांची दखल घेत नाही ती माणसं इथे सापडतात.

नावांवरूनही अंदाज बांधता येतो. दगडू, धोंडी, केरबा अशी नावं आधीची मुलं दगावल्यावर ठेवायची चाल होती. पणजोबांचं नाव त्यातलं असेल तर मोठी भावंडं जन्मून गेलेली असणार, हे धरून मृत्यूची वही वाचा. एखाद्या बहिणीचं नाव नकुशी असेल तर तिच्या आधी दोन-तीन मुली असण्याचा संभव मोठा.

गाव कुणाच्या अमलाखाली होतं

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधीची कागदपत्रं संस्थानच्या पद्धतीची आहेत. भुदरगड हा खुद्द संस्थानचा पेठा (तालुका), त्यामुळे तुमचं काम त्यामानाने सरळ आहे. कागल, इचलकरंजी, बावडा, विशाळगड या जहागिरी होत्या. आजरा इचलकरंजीकरांकडे होतं. अशा गावांचं जुनं दप्तर जहागिरीच्या कारभारातून आलेलं असतं आणि त्याची मांडणी वेगळी असते. चंदगड तर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, तेव्हा त्याआधीचा शोध बेळगावचा. उलट रायबाग, कटकोळ हा संस्थानचा मुलूख आज कर्नाटकात आहे. ‘मूळ गाव भुदरगड तालुक्यात’ हे आजच्या नकाशावरून म्हणत असाल तर तालुक्याची हद्द पूर्वीही तीच होती का, एवढं तपासून घ्या.

संस्थानात १९१८ साली कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले गेले. त्याआधीचं गावदप्तर कुलकर्ण्यांच्या घरी असायचं. काही घरांनी ते जपलं, काहींचं गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत गेलं. म्हणून १९१८ च्या आधीच्या आणि नंतरच्या कागदांची शाश्वती सारखी नाही.

सातबारा, कंसातली नावं आणि फेरफार

तुमच्या नावावर जमीन नसली तरी भावकीच्या नावावर असेल. ज्या घरांशी सुतकाचं नातं आहे त्यातल्या एखाद्याचा ८-अ (खातेउतारा) आणि सातबारा घ्या. भावकीतही कुणाकडे उरली नसेल तर ‘आपलं शेत कुठं होतं’ हे विचारून त्या शिवारातला गट शोधा. आजचा मालक कुणीही असो, त्या गटाचा मागचा इतिहास तुमच्याच घराचा आहे.

आजचा संगणकीकृत सातबारा वंशावळीच्या कामाचा नाही. हस्तलिखित सातबारा मागा, १९५० नंतरचे जितके मिळतील तितके. त्यात कमी झालेल्या नावाला कंस केलेला असतो. लोक कंसाबाहेरची नावं वाचतात. आपल्याला कंसातली हवीत. प्रत्येक नावाशेजारी वर्तुळात किंवा बाजूला एक आकडा असतो, तो फेरफार नंबर. तो उतरून घ्या आणि गाव नमुना ६, म्हणजे फेरफार वहीतली ती नोंद काढा. वारसाचा फेरफार असेल तर मजकूर साधारण असा असतो: अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, वारस मुलगे एक, दोन, तीन, विधवा बायको अमुक. गाव नमुना ६-क ही वारसांची वेगळी नोंदवही; ती टिकली असेल तर तीही पाहा.

इथून एकेक फेरफार मागे जात राहायचं. गट नंबर अचानक तुटला तर एकत्रीकरण आडवं आलंय असं समजा. एकत्रीकरणात जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर पडले आणि जुन्या-नव्याची जोड सातबाऱ्यावर नेहमी नसते. ती जोड भूमि अभिलेखच्या तालुका कार्यालयात एकत्रीकरण योजनेच्या उताऱ्यात मिळते. तिथे त्याला ९(३), ९(४) चा उतारा म्हणतात. जुना नंबर हाती आला की पुन्हा फेरफाराकडे वळायचं.

फेरफार वाचताना काही खुणा ओळखता आल्या पाहिजेत. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, ‘ए.कु.क.’ किंवा ‘ए.कु.पु.’ असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, कर्ता किंवा पुढारी म्हणून लागलाय. म्हणजे त्याला भाऊ आहेत, पण त्यांची नावं सातबाऱ्यावर नाहीत. भावंडं ‘नाहीतच’ असा चुकीचा निष्कर्ष सर्वांत जास्त वेळा इथे निघतो. अशा वेळी ज्या फेरफाराने ते नाव लागलं तो फेरफार आणि पुढे वाटणी झाली असेल तर वाटणीचा फेरफार, असे दोन्ही काढा. शहरात गेलेल्या धाकट्या भावाचं नाव फक्त वाटणीत किंवा हक्कसोडीत उमटलेलं असतं. पणजोबा १९३० ला गाव सोडून गेले असतील तर तुमचा कागद बहुधा हाच.

‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान वारसाचा पालनकर्ता. ‘दत्तू रामा अज्ञान, अ.पा.क. आई साळूबाई’ अशी एक ओळ मिळाली तर आईचं नाव, मुलगा तेव्हा सज्ञान नव्हता ही गोष्ट आणि बाप तरुणपणी गेल्याची खूण, तिन्ही एकदम मिळतात. जुन्या नोंदीत ‘दत्तू बिन रामा’ म्हणजे रामाचा मुलगा, मुसलमान घरांत ‘वलद’. बाईच्या नावापुढे ‘कोम’, ‘मर्द’ किंवा ‘भ्रतार’ असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं.

आता काय चुकतं ते. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. माणूस गेल्यावर वीस वर्षांनी, कर्ज काढायची वेळ आली तेव्हा वारस लागले, असं सर्रास घडलं आहे. त्या वीस वर्षांत गेलेला भाऊ यादीत दिसत नाही. त्याची मुलं मात्र ‘मयत भावाची मुले’ म्हणून येतात. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. त्याआधीच्या वारस नोंदीत मुलगे असतील तर मुली दिसणार नाहीत, आणि नंतरच्या नोंदींतही बऱ्याचदा गाळलेल्या असतात. अविवाहित गेलेला भाऊ तर कुठेच दिसत नाही. फेरफार म्हणजे वारसांची यादी. अपत्यांची यादी हवी असेल तर दुसऱ्या वहीकडे जावं लागतं.

घर कुळ म्हणून जमीन कसत असेल तर कूळकायद्याची फाइल सोडू नका. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर (कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं तो दिवस) कलम ३२-ग खाली ज्या चौकश्या झाल्या त्यात कुळाचे आणि मालकाचे जबाब आहेत, आणि कुळ मयत असेल तर वारस कोण याची विचारणाही. जबाबात माणूस बोलतो, त्यामुळे ‘माझा थोरला भाऊ कोल्हापुरास असतो’ अशी वाक्यं मिळतात, जी कुठल्या रकान्यात बसत नाहीत.

कोतवाल बुक

ही ती दुसरी वही. गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. त्याआधी गावपातळीवर कोतवाल आणि पोलीस पाटील ज्या नोंदी ठेवत त्या तहसीलला जमा होत. तुमच्या बाबतीत गारगोटीचा अभिलेख कक्ष. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना हे गठ्ठे मोठ्या प्रमाणावर उघडले गेले, स्कॅन झाले, आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या. वंशावळ शोधणाऱ्याला त्याचा फायदा आहे, पण लक्षात ठेवा की ती निवडक पानं आहेत. संकेतस्थळावर नाव नाही म्हणजे वहीत नाही, असं नव्हे.

कोतवाल बुकात जन्मलेल्या मुलाचं नाव बहुधा नसतंच. बारसं व्हायच्या आधी नोंद होते. असतं ते बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख. म्हणून पणजोबांचं नाव शोधू नका. बापाचं नाव शोधा, आणि एका सालात नको. १९०५ च्या जन्मासाठी १८९० ते १९१८ अशी सलग सालं वाचा आणि त्या बापाच्या नावावरचा प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू तारखेसह एका कागदावर उतरवा.

मग अंतरं पाहा. एकाच नावाच्या बापाला नऊ महिन्यांच्या आत दोन मुलं झालेली दिसली (आणि ती जुळी नसली) तर एक तर त्या नावाचे दोन पुरुष आहेत किंवा एकाला दोन बायका आहेत. तारखा दोन-अडीच वर्षांच्या अंतराने ओळीत पडत असतील तर ते बहुधा एकच घर. मध्येच पाच-सहा वर्षांची पोकळी आली तर तीन शक्यता: त्या सालची वही नाही, बायको वारली आणि दुसरं लग्न झालं, किंवा बाळंतपण माहेरी झालं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत असल्यामुळे थोरल्या अपत्याची नोंद बापाच्या गावी न सापडणं हे नेहमीचंच. ती आईच्या गावच्या वहीत असते, तिथेही बापाच्याच नावाने. माहेरचं गाव माहीत नसेल तर शेजारची सोयरिकीची चार-पाच गावं वाचावी लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण आईचं गाव सिद्ध करण्याचा यासारखा पुरावा दुसरा नाही.

मृत्यूच्या पानांवर वय आणि कारण असतं. तान्ह्या मुलांची नोंद ‘रामाची मुलगी, वय ८ महिने’ अशी असते. ती जन्माच्या नोंदीशी जोडून टाका, म्हणजे जगलेली भावंडं आपोआप वेगळी होतात. मोठ्या माणसाचं वय अंदाजे असतं. पाच वर्षं इकडे-तिकडे धराच, साठीपुढच्या माणसाला दहा. प्लेगची सालं आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा नीट वाचा. एकाच महिन्यात आई आणि बाप दोघंही गेलेले दिसले तर पोरं मामाकडे वाढली असणार, आणि मग शाळेची नोंद मामाच्या गावी शोधायची.

काही सालांच्या वह्या मिळणारच नाहीत. कागद जीर्ण होऊन चुरा झालाय, वाळवी लागलीय, आणि पूरपट्ट्यातल्या गावांत २००५, २०१९, २०२१ च्या महापुरांनी शाळा-चावड्यांतलं बरंच भिजवलं. ‘नोंद आढळत नाही’ आणि ‘वही उपलब्ध नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. कार्यालयाकडून कोणतं ते लेखी घ्या.

अर्ज करताना आधी नक्कल मागू नका, अभिलेखाची पाहणी मागा. पान कोणतं हेच माहीत नसताना नक्कल कशाची देणार? सरळ अर्जाने दाद लागली नाही तर माहिती अधिकार आहे: जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत. पाहणीचा पहिला तास मोफत, प्रती २ रुपये पान, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘माझ्या पूर्वजांची सर्व माहिती’ असा अर्ज केला की तो फेटाळला जातोच. ‘मौजे अमुक, गाव नमुना १४, सन १९०० ते १९१०, पाहणीसाठी’ एवढंच लिहा. भूमि अभिलेखच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर स्कॅन केलेले जुने सातबारे आणि फेरफार शुल्क भरून उतरवता येतात; गारगोटीची फेरी मारण्याआधी तिथे तुमचं गाव आणि कागदाचा प्रकार निवडून पाहून घ्या.

शाळा

शाळेचं जनरल रजिस्टर भावंडांसाठी फार चांगलं. नाव, बापाचं किंवा पालकाचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण एका ओळीत मिळतं. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पणजोबा तेव्हा बारा वर्षांचे असतील, म्हणजे ते स्वतः निसटले असतील, पण त्यांची धाकटी भावंडं वहीत असण्याची शक्यता त्यांच्यापेक्षा जास्त. गावात शाळा नंतर निघाली असेल तर जवळच्या मोठ्या गावची वही पाहा. आणि कुमार विद्यामंदिरात काम झालं म्हणून परत फिरू नका. कन्या विद्यामंदिराची वही वेगळी असते आणि बहिणी तिथेच सापडतात.

जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी घातलेली आहे असं समजून पुढे चला. साल तेवढं अंदाजाने धरा. पालकाच्या रकान्यात बापाऐवजी मामाचं किंवा चुलत्याचं नाव असेल तर ती चूक समजू नका. त्या घरात काहीतरी घडलं होतं.

पणजोबा किंवा त्यांचे भाऊ शिकायला कोल्हापूरला असतील तर वसतिगृहांच्या नोंदीही आहेत. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग १९०१ ची, मिस क्लार्क होस्टेल १९०८ चं. गाव आणि पालक यांची नोंद अशा ठिकाणी असू शकते. किती जुनं जपलंय हे संस्थेगणिक बदलतं.

शहरातली बाजू

मंगळवार पेठ म्हणजे बी वॉर्ड. स्वतःचं घर असेल तर सि.स. (सिटी सर्व्हे) नंबरावरून मिळकत पत्रिका आणि तिच्या मागची चौकशी नोंदवही नगर भूमापन कार्यालयात मागा. धारक कसा आला, वारस कोण, हे तिथे आहे. महापालिकेच्या घरफाळ्याच्या वहीत मालकाबरोबर भोगवटादारही असतो, त्यामुळे भाड्याने राहणारेही कधी सापडतात. मृत्यू कोल्हापुरात झाला असेल तर महापालिकेच्या नोंदीत वडिलांचं नाव आणि मूळ गाव पाहा. मिलच्या कागदांवर फार भिस्त ठेवू नका: १९५२ नंतर भविष्यनिर्वाह निधी लागू झाला असेल तरी नामनिर्देशनात बायको-मुलं असतात, आई-बाप क्वचित.

१९५१ च्या जनगणनेवेळी नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर तयार झालं होतं. घरवार यादी, कुटुंबप्रमुखाशी नातं, वय. टिकून असेल त्या गावात म्हातारी आई आणि गावी राहिलेले भाऊ एकाच घराखाली मिळतात. तहसीलला या रजिस्टरचं नाव घेऊन मागा, नाहीतर कुणी आपणहून सांगत नाही.

आई आणि बहिणी

कागदावर बाई दोनदा हरवते: एकदा लग्नात नाव बदलतं तेव्हा, एकदा वारसात गाळली जाते तेव्हा. म्हणून तिला तिच्या भावाकडून शोधायचं. १९५६ नंतर माहेरच्या जमिनीतून केलेलं हक्कसोडपत्र हा सर्वांत पक्का कागद, कारण त्यात माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लागतात. तो दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला असतो. सूची क्रमांक १ नावाने आणि सूची क्रमांक २ मिळकतीने लावलेली असते, तेव्हा नाव दोन्ही आडनावांखाली पाहा. पणजोबांची आई बहुधा १९५६ च्या आधीच गेली असेल. पण त्यांच्या बहिणी असतील तर त्यांनी भावांच्या नावे सोडलेला हक्क इथे सापडू शकतो. आईसाठी मात्र अ.पा.क. ची ओळ, विधवा म्हणून लागलेलं नाव, महालयाची यादी आणि तीर्थोपाध्यायांची वही, एवढेच आधार.

तीर्थोपाध्ये आणि हेळवी

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूने स्वतःच्या हाताने किंवा अंगठा देऊन लिहिलेले लेख असतात. बाप, आजा, सख्खे भाऊ, चुलते, मुलं, कधी आई आणि बायकोसुद्धा. हे उपाधे गाव, जात आणि आडनाव यांवरून वाटलेले असतात. पंचवटीत गेल्यावर तुमच्या तालुक्याचे उपाधे कोण एवढंच विचारायचं. आजचं आडनाव आणि तेव्हाचं आडनाव वेगळं असू शकतं. पाटीलकी असलेलं घर एका ठिकाणी ‘पाटील’ तर दुसऱ्या ठिकाणी मूळ आडनावाने लागतं. दोन्ही सांगा.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागाचं खास साधन म्हणजे हेळवी. सुगीनंतर गावात येऊन घरोघर वंशावळ सांगणारे हे लोक आपापली घरं पिढीजात सांभाळतात. त्यांच्या वहीत कोणत्या गावाहून आलात, कोणाला किती मुलगे, कोणती शाखा कुठे गेली हे असतं. शहरात गेलेलं घर त्यांच्या वाटेतून सुटतं, म्हणून तुमच्या भावकीत ज्यांच्याकडे हेळवी अजून येतो त्यांच्याकडे तुमचा फोन नंबर ठेवा. तो सांगतो ते वाजतगाजत असतं, मूळपुरुषाला मोठेपणा देणारं असतं; वरच्या पिढ्यांवर फारसा विश्वास ठेवू नका, पण शेवटच्या चार-पाच पिढ्यांतली भावांची नावं आणि शाखा कोतवाल बुकाशी ताडून पाहण्याजोग्या असतात. मुली मात्र त्यात सापडतील अशी आशा धरू नका.

मोडी आणि सालं

१९०५ च्या आसपासचा बराचसा कागद मोडीत निघेल. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि घाईच्या हातात दोन नावं एकसारखी दिसतात. वाचकाला एक ओळ देऊ नका, आगेमागे तीन पानं द्या. त्या लेखनिकाचा हात कळल्याशिवाय नाव नक्की करता येत नाही. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, आणि नावं, आकडे, महिने एवढं ओळखण्यापुरतं शिकणं फार अवघड नाही. संस्थानचं दप्तर कोल्हापूरच्या पुरालेख कार्यालयात आहे. इनाम, वतन, चाकरी, दत्तकाची मंजुरी यांपैकी काही घराला चिकटलेलं असेल तरच तिथे जा. वतनाच्या तंट्यात दोन्ही बाजूंनी दिलेल्या वंशावळी असतात. साध्या शेतकरी घराला तिथे महिनाभर घालवून हाती काही न लागण्याची शक्यता जास्त.

कागदावरचं साल इसवी सन आहे असं गृहीत धरू नका. शकात ७८ किंवा ७९ मिळवा, फसलीत ५९० किंवा ५९१, सुहूर सनात ५९९ किंवा ६००. शके १८२७, फसली १३१५ आणि सुहूर १३०६ ही तिन्ही १९०५-०६ चीच सालं. फसली आणि सुहूर मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतात.

उरलेलं थोडक्यात. वाटपाच्या दिवाणी दाव्यात वंशवृक्ष जोडलेला असतो. भावकीत कुणी कोर्टात गेलं असेल तर दावा नंबर विचारा, निकाल टिकतो, बाकीची कागदपत्रं मुदतीनंतर नष्ट होतात. घरातला कुणी महायुद्धात गेला असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत काही वेळा बापाचं नाव आणि गाव दिलेलं असतं. ख्रिस्ती घरांना चर्चची बाप्तिस्म्याची वही, मुसलमान घरांना काझींकडची निकाहाची नोंद.

दोन कागदांत दोन बाप

शेवटी हे येतंच. शाळेत एक बाप, सातबाऱ्यावर दुसरा. लगेच एक कागद खोटा ठरवू नका. आधी दत्तक तपासा. दत्तक बहुधा भावकीतलाच पुतण्या असतो, जमीन दत्तक बापाची आणि शाळेचं नाव जन्मदात्याचं अशी सरमिसळ होते. दत्तक नसेल तर घरजावई, तोही नसेल तर एकाच नावाचे दोन पुरुष. इथे ८-अ चा खाते नंबर, गल्ली आणि पाटीलकीतली तक्षीम (वाटा) पाहून माणसं वेगळी करता येतात. जात पडताळणीसाठी भावकीतल्या कुणी वंशावळ दिली असेल तर ती प्रतिज्ञापत्रासकट बघा, पण प्रतिज्ञापत्रं एकमेकांवरून उतरवलेली असतात. पाच जणांनी एकच वंशावळ दिली म्हणजे पाच पुरावे झाले नाहीत. त्या फाइलला जोडलेला जुना दाखला किंवा मोडी उतारा मात्र खरा कामाचा. त्याचा पान नंबर घेऊन मूळ वही स्वतः पाहा, आणि फोटो काढताना आपली ओळ तेवढी न घेता वहीचं नाव, साल आणि पान नंबर दिसेल असं पूर्ण पान घ्या.